कॉम्प्युटरची उत्तरपूजा

गेल्या रविवारी सकाळी आमच्या इंदूरच्या घरातून एक जुना सोबती गेला… आमचा कॉम्प्युटर. डब्यासारखा अवजड मॉनिटर, पिवळा पडलेला सीपीयू, अक्षरं झिजलेला कीबोर्ड. खिडकीतून थंडीतलं कोवळं ऊन त्याच्यावर आलं होतं, आणि तो नुसता डोळे मिटून पडलाय असं वाटत होतं.

ह्यांचं राजवाड्याजवळ लहानसं दुकान होतं, मराठी लग्नपत्रिका छापून देण्याचं. इथल्या कितीतरी घरांचं 'आमचे येथे श्रीकृपेकरून' ह्याच कीबोर्डवरून उमटलं. दुकान आवरल्यावर कॉम्प्युटर घरी आला आणि खिडकीपाशी बसून राहिला. कधीमधी चालू व्हायचा… मनात आलं तर.

मग त्याच्या यूपीएसची बॅटरी फुगली, पुरीसारखी. मी घाबरले. तेवढ्यात कॉलनीच्या ग्रुपवर मेसेज आला की रविवारी जुन्या इलेक्ट्रिक सामानासाठी वेगळी गाडी येणार आहे. मी म्हटलं, देऊन टाकू या.

"पुजलेली वस्तू कचऱ्यात घालायची? शेवटी तू कॉन्व्हेंटवालीच!"

हा टोमणा माझ्या लग्नाएवढाच जुना आहे. पण एरवी तो मारताना हे हसतात… या वेळी हसले नाहीत.

त्याचं असं आहे, ह्यांचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते. खंडेनवमीला घरात तलवारीची पूजा व्हायची. वाटणीत तलवार धाकट्या दिरांकडे गेली, आणि त्या वर्षापासून झेंडूची माळ कॉम्प्युटरला पडू लागली. "आपलं शस्त्र आता हेच," हे म्हणायचे.

गंमत म्हणजे हळदकुंकू, फुलं, पेढा, सगळं मॉनिटरला. भाची एकदा सणाला आली होती, ती बघून हसत सुटली. "मामा, कॉम्प्युटर तो खालचा डबा आहे! हा तर नुसता पडदा!" तेव्हापासून सीपीयूलाही कुंकवाचं बोट लागायचं, जरा ओशाळूनच.

अटालेवाल्या भियांना, म्हणजे आमच्या इथल्या भंगारवाल्यांना, द्यायला मात्र माझं मन घेईना. तारा जाळून तांबं काढतात, तो काळा धूर मी एकदा हायवेच्या कडेला पाहिलाय… त्याचा वास कितीतरी वेळ केसांतून गेला नव्हता.

कॉम्प्युटरमधल्या पत्रिकांमध्ये लोकांचे पत्ते, फोन नंबर. तेव्हा कोणालाही देण्याआधी हार्ड डिस्क कोरी करणं भागच होतं. "देणार नाहीये, पण पुसून ठेवतो," असं म्हणून शनिवारी दुपारी हे बसले, आणि मी शेजारी. यूपीएस काढून वायर थेट भिंतीत लावली, आणि त्या दिवशी तो पठ्ठ्या एका झटक्यात चालू झाला…

एकेक पत्रिका उघडत गेली. चिरंजीव अमुक, सौभाग्यकांक्षिणी तमुक. पडद्यावरचे कलश, तोरणं, नथी. यातली एक नवरी आता स्वतः सासू झालीय, एक जोडपं परदेशी गेलंय, आणि एका लग्नातल्या श्रीखंडाची चव मला अजून आठवते. दुपार हळूहळू सोनेरी झाली… हे नाव वाचायचे, क्षणभर थांबायचे, आणि पुसायचे.

रविवारी गल्लीच्या तोंडाशी गाडीचं गाणं ऐकू आलं. हे टेबलाशी बसलेले, मॉनिटरवर हात ठेवून. हलेनात.

मला एकदम शाळेतल्या सिस्टर आठवल्या. चर्चमधली आशीर्वाद दिलेली झावळीची पानं त्या कधी टाकून द्यायच्या नाहीत. वर्षभर जपायच्या, मग जाळायच्या, आणि त्याच राखेचं बोट पुढच्या वर्षी कपाळावर लागायचं. पान संपायचं नाही… दुसरं काही व्हायचं.

"अहो," मी म्हटलं, "गणपती हलवतो ना आपण? तसा हलवा."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग उठून हातपाय धुतले, हळदकुंकू, अक्षता आणि वाटीत दही घेऊन आले. गाडीवरच्या बाई, नारिंगी जाकीट घातलेल्या, वर येऊन दारातच थांबल्या. समोर पूजा बघून त्यांनीही चप्पल काढली.

ह्यांनी आधी सीपीयूला कुंकू लावलं. "तुझी पूजा आधीची इतकी वर्षं राहून गेली बाबा," असं पुटपुटले. मग अक्षता वाहून डोळे मिटून म्हणाले, "पुनरागमनाय च," आणि कॉम्प्युटर जागच्या जागी जरासा सरकवला.

बाई काळजीत पडल्या. "अंकलजी, आगमन-वागमन समझ में आया… पर ये वापस नी मिलेगा. अभी से बता देती हूँ."

मला हसू आवरेना. ह्यांच्याही मिशा हलल्या. "ऐसा का ऐसा नहीं चाहिए, बेन. कुछ और बन के आ जाए."

"वो तो आएगा ही! ताँबा, लोहा, प्लास्टिक, सब अलग-अलग निकलता है. फिर नया माल बनता है. कहीं न कहीं तो आएगा."

"बस. तो ले जाओ."

बाईंनी फुगलेली बॅटरी वेगळ्या खोक्यात जपून ठेवली. मॉनिटर मात्र ह्यांनी स्वतः उचलून खाली नेला, दोनदा टेकत, कोणाला हात लावू न देता. गाडी वळली तेव्हा सीपीयूवरचं कुंकू उन्हात चमकलं… आणि हे माझ्या कानाशी म्हणाले, "कॉन्व्हेंटवाली, बरं सुचलं तुला."

काल आमच्याकडे नवा मिक्सर आला. खोक्यातून काढला, वायरीची गुंडाळी सोडली आणि प्लग हातात घेऊन मी उगाच उभी राहिले. ह्या वायरीतलं तांबं आधी कुठे असेल… कोणाच्या घरी, कोणत्या खिडकीपाशी, कोणी पुजलेलं?

बटण दाबण्याआधी मी त्याला कुंकवाचं बोट लावलं आणि हळूच म्हटलं, "आलात? या."