नसरीन बाजींची चौकी

नांदेडहून फोन आला तेव्हा मी लातूरला, ऑफिसात डबा उघडून बसले होते. "नसरीन बाजी गेली, बेटा. पहाटे फजरची नमाज पढून आडवी झाली, ती उठलीच न्हाई," त्यांची बहीण शमीम आपा सांगत होत्या. रडू आलंच... पण त्याआधी सुटल्यासारखं वाटलं. किडनीच्या दुखण्यात शेवटी नळ्या लागतील, याची बाजींना फार धास्ती होती. ती वेळ आली नाही.

बाजी लातूरच्या एका पॅथॉलॉजी लॅबचं नेटवर्क सांभाळायच्या. मी जळकोटची, तिथं नवीनच लागलेली. एकदा पेशंटचे रिपोर्ट बाहेर फुटू लागले आणि सगळा संशय माझ्यावर आला, कारण ते माझ्याच कम्प्युटरमधून जात होते. लॅबच्या डॉक्टरांनी मला घरी जायला सांगितलं. असा डाग घेऊन गावी गेले असते, तर वडिलांनी पुन्हा नोकरीला पाठवलंच नसतं. बाजी मध्ये पडल्या. "डॉक्टरसाब, तिचा कम्प्युटर बोलून राहिला. ती बोलून राहिली का, ते तर बघू."

लॅब आणि इंटरनेट यांच्या मध्ये बाजींचं, युनिक्सच्या जातीच्या प्रणालीवर चालणारं एक मशीन होतं. तीच फायरवॉल, येणाऱ्या-जाणाऱ्या माहितीची चौकी. माहिती पॅकेटमधून, म्हणजे लहान लहान तुकड्यांतून जाते. माझ्या कम्प्युटरच्या प्रत्येक पॅकेटची नोंद व्हावी असा नियम बाजींनी त्यात घातला, माझा कम्प्युटर चालूच ठेवून त्या खोलीला कुलूप लावलं आणि डॉक्टरांना चौकीच्या पडद्यासमोर बसवलं. मला शेजारी. "हात मांडीवर ठेव, बेटा."

...आणि ओळी सरकू लागल्या. एकीमागून एक, सगळ्या एकाच परक्या पत्त्याकडे.

"म्हणजे ही नाही?" डॉक्टर म्हणाले.

"न्हाई साब. कोणतातरी चोर प्रोग्राम घुसलाय."

बाजींनी वाट बंद केली, तशी ओळीओळीवर 'अडवलं' अशी खूण उमटू लागली. तो प्रोग्राम मी लागण्याच्या आधीपासूनचा निघाला. डॉक्टरांनी सगळ्यांसमोर माझी माफी मागितली. बाजींनी चहा सांगितला, तेव्हा कुठं मला हुंदका फुटला.

परवा बाजींच्या चाळिसाव्या दिवशी नांदेडला गेले. लॅब सोडल्यावर त्या तिथं आपांकडेच राहायच्या. बाजींच्या खोलीत, टेबलाखाली त्यांनी बसवलेली घरची फायरवॉल अजून घुरघुरत होती, पडदाही चालू. "हे बंद कसं करतात, मला काय कळत न्हाई," आपा म्हणाल्या. मी म्हटलं, "राहू द्या." मग तिथल्याच वायफायवरून आईला 'पोचले' असा मेसेज टाकला. पडद्यावर एक ओळ उमटली, 'अडवलं' अशी खूण नसलेली, आणि शांतपणे वर सरकली.