खिडकीखालचं रडणं

निजामाच्या राज्यात मी बोथच्या तहसील कचेरीत कारकून होतो. एका सकाळी जंगलाकडच्या गावातून एक बाई चालत आली. तिची बैलजोडी सरकारी रानात शिरली, म्हणून जंगलच्या शिपायानं ती आदल्या दिवशी कोंडवाड्यात घातली होती. बाई नेमकी माझ्या खिडकीखाली बसून रडू लागली.

माझं मन फार हळवं. तिचं रडणं ऐकवेना, म्हणून मी माझं टेबल उचलून मागच्या खोलीत नेलं.

आवाज तिथंही येत होता. दुपारी डबा उघडला. वांग्याची भाजी, माझ्या आवडीची, पण घास उतरेना. शेवटी चिडूनच उठलो. तिला विचारून बैल सोडायची दरखास्त उर्दूत लिहिली आणि तहसीलदारांची सही आणली. दिवस मावळायच्या आत बैल सुटले. बाईनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्यांना घेऊन ती निघून गेली. मी कचेरीच्या पायरीवर उभा होतो. ती पाया पडायला येईल म्हणून एक पाय जरा पुढेही केला होता.

घरी बायकोला म्हटलं, "एवढं केलं, पन एक शब्द बोलली नाही."

"तुमी तिच्यासाठी केलं, का वांग्यासाठी?" तिनं विचारलं.

मी उठून अंगणात गेलो.

दुसऱ्या दिवशी तीच कथा कचेरीतल्या म्हाताऱ्या चपराशाला ऐकवली. हा माणूस तुसडा. "इथं रडून काय होते?" असं त्यानं बाईला सुनावलेलं मी स्वतः ऐकलं होतं. माझं संपल्यावर तो म्हणाला, "बैल पाह्यले का तुमी, मुन्शीजी? कोंडवाड्यात चारा कोनी देत नाही. मी घरचा कडबा टाकून आलो होतो."

"काऊन? तुमाले दया आली?"

"दया कायची? उपाशी होते," म्हणून तो पाणी भरायला गेला.

मला त्याचा राग आला, मग स्वतःची लाज वाटली. संध्याकाळी कोंडवाड्यावर गेलो तर आत एक वाळलेली गाय उभी होती. माझ्याकडे ना गुरं ना चारा; चपराशाकडूनच कडब्याची पेंढी मागून आणली आणि तिच्यापुढे टाकली.

गाय खायला लागली. मी मान वळवून रस्त्याकडे पाहिलं, कोणी बघून राह्यलं का म्हणून.