भुरीची खरी आई

“ढवळीची लेक भुरी आपले कोकरू टाकून चरायला गेली, कारण सलोत्र्याने तिला जहाल औषध पाजले.” देशमुखांचे नातू आजही ही हकीकत सांगतात. निजामाच्या अमलात मोमिनाबादेस, म्हणजे आजच्या अंबाजोगाईस, सलोत्री, अर्थात जनावरांचा सरकारी डॉक्टर, मीच होतो. ही हकीकत खोटी आहे.

औषध जंतांचे होते. डोंगरावरच्या मेंढ्या त्यांनीच खंगत होत्या. मात्र भुरीचे कोकरू लांडग्याने नेले आणि देशमुखांनी मला तहसीलदारांसमोर उभे केले.

मी म्हणालो, “तेच औषध त्याच दिवशी ढवळीनेही घेतले. ती आपल्या कोकराला चाटत अजून उभी आहे.”

“मंग माय धड अन् लेकच कावून बिघडली?” देशमुख म्हणाले.

“भुरी ढवळीची लेक नव्हे. ती चंद्रीची. चंद्री दर खेपेस वीत असे आणि मागे न पाहता निघून जात असे. चंद्रीला मी औषधाचा थेंबही दिला नव्हता. माया रक्तातून उतरते. नुसत्या दुधातून येत नाही.”

“मेंढ्यांची वंशावळ सांगाया तुमी भाट हाव का?”

सारे हसले. तहसीलदारही हसून म्हणाले, “सलोत्री साब, भेड की माँ कौन थी, ये भी सरकारी काम है?”

मी गयाबाईकडे पाहिले. देशमुखांचा कळप तीच राखत असे. तिला सर्व ठाऊक होते.

“गयाबाई, भुरी कोणाची?”

“ढवळीची.”

“पोटची?”

“जिचं दूद पेली, तिची ती. एकदा सडाला लागली की आमी दुसरी माय काढीत न्हाई, सायेब. पाजणारीला इट येतो, दूद आटतं.”

तिला मी खोटारडी म्हणत नाही. धनगरांचा तो रिवाजच आहे, आणि तिने तो पाळला. पण त्या दिवसापासून बालाघाटाच्या डोंगरावर एकाही कळपाने माझे औषध घेतले नाही. शफाखान्याच्या, म्हणजे माझ्या दवाखान्याच्या, ओट्यावर मी दिवसचे दिवस एकटा बसून राही. मेंढके समोरून जात, रामराम घालत, थांबत मात्र नसत. शेवटी माझी बदली झाली. मागे जंतांनी किती मेंढ्या नेल्या, याची हकीकत कोणी सांगत नाही.

आता गयाबाई नाही, देशमुख नाहीत. साक्षीदार उरलो तो मी एकटा. म्हणून नातवांना वाटते, म्हातारा काहीही सांगेल. त्यांनी एवढेच ऐकावे. भुरी जन्मली त्या वर्षी ढवळीला मेलेले कोकरू झाले, आणि त्याच सकाळी चंद्री आपले जिवंत पिलू टाकून गेली. परके पिलू मेंढी वासावरून ओळखते व लाथाडते. म्हणून ढवळीच्या मेल्या कोकराचे ओले कातडे काढून चंद्रीच्या त्या पिलाच्या, भुरीच्या, अंगावर मी माझ्या हातांनी बांधले होते.