सही जुळत नाही

"ठैर, एक आकडा बदलून बघते," असं म्हणत ताई चष्मा कपाळावर सरकवायच्या.

आमच्या हैदराबादच्या ऑफिसात त्या सगळ्यांचा कोड तपासायच्या. त्या तिथल्याच गौलीगुड्यात वाढलेल्या, मी पुण्याहून आलेला. लॅबचे रिपोर्ट हॉस्पिटलांना पाठवायची यंत्रणा आम्ही करत होतो. प्रत्येक रिपोर्टसोबत एक सही जाते. रिपोर्टचा मजकूर आणि एक गुप्त किल्ली मिळून संगणक ती काढतो. घेणाऱ्याने त्याच किल्लीने सही पुन्हा काढायची. जुळली, तर रिपोर्ट वाटेत कुणी बदललेला नाही. तुम्ही म्हणाल, सोपं आहे. मलाही तसंच वाटलं होतं.

माझ्या सह्या तीन दिवस जुळेनात. आकडे तेच, नाव तेच, किल्ली तीच! डोकं फिरलं. शेवटी मी सही जुळवायची तपासणीच बंद केली आणि कोड तसाच ताईंकडे पाठवला. ताईंनी बोलावलं. पडद्यावर त्यांचाच रिपोर्ट होता.

"बघ, माझी शुगर किती छान आली. मीच बदलली. तुझ्या कोडानं हूं की चूं केलं नाही."

"ताई, मुदत उद्याची आहे!"

"हौ, ठाऊक आहे. पण हे बघून डॉक्टरनं माझी गोळी बंद केली तर?"

मग चूकही त्यांनीच शोधली. मी आलेला मजकूर आधी उघडायचो, नीट मांडायचो आणि मग सही काढायचो. त्या मांडण्यात मोकळ्या जागा बदलत होत्या, आणि एक जागा बदलली तरी सही बदलते. "आला तसाच तपास. उघडायचं नंतर."

चूक माझी, तरी मी साहेबांकडे तक्रार केली की ताई काम अडवतात. तक्रार करणारे आणखी दोघे निघाले. महिन्याभरात ताईंना जायला सांगितलं. मी धावत तक्रार मागे घ्यायला गेलो, तर साहेब म्हणाले, "पत्र निघालं." स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती.

शेवटच्या दिवशी सगळे केक खात होते. ताई माझ्या टेबलाशी आल्या.

"सहीची चावी बदललीस?"

"उद्या बदलतो."

"नक्को. माझ्याकडे आहे ती. माणूस गेला की चावी बदलायची. आत्ता बदल."

मी बदलली. त्यांनी खुर्ची ओढली आणि जुन्या किल्लीने सही केलेला एक रिपोर्ट पाठवून पाहिला. यंत्रणेने तो परत फेकला.

"बराबर," त्या म्हणाल्या.

माझं काम त्यांनी पहिल्यांदाच एका फटक्यात पास केलं, तेही त्यांनाच बाहेर ठेवणारं.