बारा गाद्या आणि स्पीकरची एक जोडी

दसऱ्यानंतरच्या सोमवारी सकाळी साडेदहा वाजता, खामगावात आमच्या राहत्या घरी, मी दोन लाख छत्तीस हजार रुपयांची स्पीकरची एक जोडी उतरवून घेतली. हजर व्यक्ती: मी, माझी बायको शोभा, मुलगी प्राजक्ता आणि टेम्पोवाला. टेम्पोवाल्याने खोकं उचलता उचलता किंमत विचारली. मी सांगितली. त्याने खोकं हळूच जमिनीवर ठेवलं आणि प्यायला पाणी मागितलं.

आधीच सांगून ठेवतो, यासाठी एका रुपयाचं कर्ज काढलेलं नाही. मी तेलगिरणीत हिशेब लिहितो. अकरा वर्षांचा दिवाळीचा बोनस बाजूला ठेवला आणि स्पीकर घेतले. प्राजक्ताच्या लग्नाची रक्कम वेगळ्या खात्यात आहे, तिला हात लावलेला नाही. पन्नाशीत लोक गुडघ्यांना तेल लावतात, मी कानांना गाणं लावलं. यात कोणाचं काय गेलं?

स्पीकर लावले आणि घात झाला. गाणारी बाई विहिरीत पडून मदतीला हाका मारतेय, असा आवाज! मी अकोल्याच्या वानखडे सरांना बोलावलं. हे आमच्या स्पीकरवेड्या मंडळींतले सगळ्यात जाणते. (म्हणजे सगळ्यात जास्त पैसे घालवलेले.) सर आले, खोलीच्या मधोमध उभे राहिले आणि त्यांनी एक टाळी वाजवली. खोलीने उलट तीन वाजवल्या.

"स्पीकर चांगले आहेत हो," सर म्हणाले, "खोली भिकार आहे. नुसती फरशी आणि कोऱ्या भिंती! आवाज पिणारं काहीतरी लावा. पुण्याहून तयार फळ्या येतात. नव्वद हजार."

"त्या फळ्यांमध्ये असतं काय?"

"कापसासारखं काहीतरी."

कापसासारखं! ज्या गावात कापसाच्या गाड्यांखाली रस्ते पांढरे होतात, त्या गावच्या माणसाने पुण्याहून कापसासारखं काहीतरी आणायचं? मी त्याच संध्याकाळी इस्माईलभाई गादीवाल्यांच्या दुकानात गेलो आणि बारा गाद्या सांगितल्या. चार फूट लांब, दोन फूट रुंद.

इस्माईलभाईंनी चष्मा वर केला. "येवढ्याशा गादीवर कोण झोपंल, साहेब?"

"कोणी झोपायचं नाही. भिंतीला टांगायच्या आहेत."

"भिंतीले?" ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "समजलो, साहेब. पोरीचं जमलं ना? मुबारक हो!"

"अहो, लग्न नाही, स्पीकरसाठी पाहिजेत."

"बरोबर हाय, बरोबर हाय. आताच सांगू नका. नजर लागते."

आमच्याकडे एकदम बारा गाद्या एकाच कारणासाठी भरतात, आणि ते कारण मांडवात उभं असतं. हे मला ठाऊक असायला हवं होतं. ठाऊक होतंही! पण मी मनातल्या मनात नव्वद हजारांतून सोळा हजार आठशे वजा करत होतो, आणि वजाबाकी चालू असताना मला दुसरं काही सुचत नाही.

गाद्या गुरुवारी आल्या. शुक्रवारी मंडपवाला आला. शनिवारी आचारी येऊन "जिलेबी का बुंदी" विचारून गेला. मी "लग्न नाही" म्हटलं की प्रत्येक जण डोळा मारायचा. रविवारी सकाळी डीजेवाला आला, माझ्या स्पीकरकडे बघून हळहळला आणि म्हणाला, "काका, हे दोन डबे कायले ठेवले? आपल्या डीजेनं दिवारी हालते!"

"अरे, त्या हालू नयेत म्हणून तर मी गाद्या लावल्या!"

प्राजक्ता स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. ती वही बाजूला ठेवून बाहेर आली. "बाबा, माझं लग्न कोणाशी होऊन राह्यलं, तेवढं मलेही सांगून ठेवा."

आणि दुपारी सोनाळ्याहून गाडी आली. आत माझी मोठी बहीण सुमनताई, तिची दोन मुलं, दोन सुना आणि तिचा राग.

"प्रकाश! भाचीचं लग्न जमलं अन् आत्याले गादीवाल्याकून कळते?"

"ताई, लग्न नाही वो कोणाचं."

"मंग ह्या गाद्या?" ती खोलीत शिरली आणि थबकली. "अरे, लटकवल्या काऊन? उंदरं झाले का घरात?"

मी सगळं सांगितलं. किंमतही सांगितली. (शोभा मागून नको नको म्हणून हात हलवत होती, पण खोटा आकडा माझ्या तोंडातून निघत नाही.)

"दोन लाख छत्तीस हजार!" ताई ओरडली. आणि काय सांगू, त्या ओरडण्याचा जरासुद्धा प्रतिध्वनी आला नाही. पन्नास वर्षांत प्रथमच ताईचा आवाज एकदाच ऐकू आला. गाद्यांचे पैसे तिथेच वसूल झाले!

"हसतोस काय बे? घरात लग्नाची पोरगी अन् बाप डबे आणते! उद्या सकाळी हे परत गेले पायजेत. नाही तर या घरचं पाणी पिणार नाही मी."

दुकानदार सात दिवसांत माल परत घेणार होता. तो सातवा दिवस उद्याच होता. सगळे माझ्याकडे बघू लागले.

"परत जाणार नाहीत," मी म्हणालो. "पाणी नको असंल तर चहा घे."

ताईने भिंतीकडे तोंड केलं. प्राजक्ताला काय वाटलं कोण जाणे, तिने उठून गाणं लावलं. एका जुन्या बैठकीतली ठुमरी होती. दोन मिनिटं गेली. मग ताई एकदम वळली.

"कोण खोकलं बे?"

सुनांनी एकमेकींकडे पाहिलं. थोरला म्हणाला, "मी नाही, माय."

मी खुर्चीतून उडालोच! तो बारीक खोकला ऐकू यावा म्हणून तर आम्ही मंडळी घरदार विकायला निघतो!

"ताई, तो गाण्यातला तबलेवाला हाय."

"असा उजवीकडं बसेल हाय तो?"

"हाव!"

"मंग त्याले जरा सुंठ द्या ना कोणी."

"ताई, रेकॉर्डिंग लय जुनं हाय."

"अरे माय." तिने पदर तोंडाला लावला. "मंग गेला असंल बिचारा. पुन्हा लाव बरं."

पुन्हा लावलं. पाच वेळा लावलं. मध्ये शोभाने चहा दिला तो ताईने बघितलाही नाही, पण प्यायली. मग तिने मला खुर्चीतून उठवलं, कारण खोकला नीट मधोमध बसल्यावरच कळतो. खोलीत योग्य जागा एकच आहे. दोन लाख छत्तीस हजार भरून मी पुढचे आठ दिवस दारात उभा राहून गाणं ऐकलं. मुलं आणि सुना दुसऱ्याच दिवशी परत गेली, ताई राहिली. "ते बाई डावीकडं सरकून राह्यली, तुह्या डाव्या डब्याले जरा मागं घे," असं ती वानखडे सरांना, त्यांच्या घरचं गाणं फोनवर ऐकून, सांगू लागली, आणि सर वहीत लिहून घेऊ लागले!

नवव्या दिवशी ताई निघाली ती बाराही गाद्या गाडीत टाकून. "आमच्या बैठकीत टीव्ही लय घुमते," ती म्हणाली. थोरल्या बहिणीला नाही म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही. दोन दिवसांनी सोनाळ्याहून फोन आला. "प्रकाश, काय करू बे? माह्या घरी मंडपवाला येऊन बसला!"

मी पुन्हा इस्माईलभाईंकडे गेलो. आणखी बारा गाद्या, त्याच मापाच्या. (दोन्ही खेपा धरून तेहतीस हजार सहाशे. तरीही पुण्यापेक्षा स्वस्त! मी चुकलो असं कोणी म्हणू नये.)

इस्माईलभाई उठून उभे राहिले. माझा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला. "माशाल्ला! दुसऱ्या पोरीचंबी जमलं?"

मला एकच मुलगी आहे. तिचं जमलेलं नाही. हे सांगायला मी तोंड उघडलं, आणि मिटलं.

अखेरीस दिलेली रक्कम: इस्माईलभाई गादीवाले यांना, बारा गाद्यांचे सोळा हजार आठशे रुपये, आणि लग्नाच्या खुशीचे वेगळे पाचशे एक.