पाटावरचा राऊटर

आमच्या वडगावच्या घरात दोन गोष्टींना हात लावायचा नाही: खंडेनवमीला पुजलेल्या हत्यारांना, आणि बारा महिने माझ्या लिनक्सच्या संगणकाला. दुसरा नियम माझा.

त्या खंडेनवमीला अकरा वाजता आक्काची मुलाखत होती. परदेशी कापड कंपनीसाठी घरबसल्या साड्यांची नक्षी काढायची नोकरी. तिकडं कुठली आलीय खंडेनवमी! संसार मोडून माहेरी आल्यापासून आक्का अशाच एका कामाची वाट बघत होती. आमच्या बोळात मोबाइलची रेंज उंबऱ्यापाशीच दम सोडते, त्यामुळं सगळी भिस्त माडीवरच्या माझ्या संगणकावर. आणि सकाळी बघतो तर नेट बंद!

"काल तूच कायतरी अपडेट केलास न्हवं रं?" आक्का म्हणाली.

झालं, माझं टाळकं सटकलं. नेटवर्क कार्ड चालवणारा ड्रायव्हर बिघडला असणार म्हणून तो काढला, पुन्हा घातला, जुना आणून बघितला. ड्रायव्हर ठणठणीत. केबल माडीवरच्या जोडडबीत, म्हणजे नेटवर्कच्या स्विचमध्ये, घट्ट, डबीचा दिवाही लुकलुकत होता. फक्त संगणकाला नेटवरचा पत्ता मिळत नव्हता. जोडलेल्या प्रत्येक यंत्राला राऊटर आपोआप पत्ता देतो. माझा संगणक मागून मागून थकला आणि पलीकडून हूं नाही की चूं नाही. "मेला काय तिकडं?" असं ओरडतच मी जिना उतरलो.

राऊटर खाली भिंतीवरच्या त्याच्या नेहमीच्या खिळ्यावर नव्हताच. हातमागाच्या खोलीत पाटावर, विणायचा धोटा आणि कात्रीच्या मधोमध, झेंडूची माळ घालून, हळदकुंकू लावून घेऊन बसला होता!

"आई! ह्यो हितं कसा?"

"पुजलाय. आक्काच्या नोकरीचं हत्यार त्येच न्हवं?" आई शांतपणे म्हणाली. "आता उद्यापातूर उचलायचं न्हाय."

मी कपाळावर हात मारला. आक्काचे डोळे भरले. आईनं तिच्याकडं पाहिलं, मग पाटाकडं.

"हत्यार उचलायचं न्हाय. पाट सरकवू नका असं कोण म्हटलंय?"

"आणि चालवायचं बी न्हाय त्येचं काय?" मी विचारलं.

"आपलं आपण चालतंय म्हणून तूच सांगतोस की."

तिघांनी मिळून पाट भिंतीपर्यंत ढकलला, तारा जोडल्या. मी माडीवर पळालो तोवर पत्ता आलाही होता.

मुलाखत रंगात आली आणि खाली आईनं घंटा वाजवत आरती धरली. मी चरफडत उठलो, तेवढ्यात पडद्यावरच्या बाईंनी विचारलंच, हा आवाज कसला? आक्का एरवी इंग्रजीत लई अडखळते. त्या दिवशी नाही. "आज आमच्या घरी पोट भरणाऱ्या हत्यारांची पूजा असते," ती म्हणाली. "आईनं यंदा माझंही हत्यार पुजलंय."

पुढच्या खंडेनवमीला आईनं पाट आधीच भिंतीलगत मांडला. राऊटरशेजारी आक्काला कंपनीनं दिलेला लॅपटॉप होता. माझा संगणक मी आपण होऊन खाली आणून ठेवला आणि आईचं कुंकवाचं बोट मुकाट लावून घेतलं.