आत्याबाई बातमी उलटी वाचतात

अख्ख्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्तमानपत्र खऱ्या अर्थाने वाचता येणारी एकच व्यक्ती आहे, आणि ती म्हणजे माझी आतेसासू. बाकी आपण सगळे पेपर चाळतो, त्यावर चहाचा कप ठेवतो, त्यात सुकी मासळी गुंडाळतो, फार तर राशिभविष्य बघून दिवसभर तोंड पाडून बसतो. वाचतात त्या फक्त आत्याबाई. हे मी सून म्हणून बोलत नाही बरं का. सून म्हणून बोलायचं तर माझ्याकडे वेगळंही पुष्कळ आहे. मी घाटावरून लग्न होऊन या घरात आले त्याला आता बरीच वर्षं झाली, पण आत्याबाईंपुढे माझा वासलेला आ अजून मिटलेला नाही.

ओरोसच्या सरकारी कचेरीत त्यांनी नोकरी केली. सकाळच्या एसटीने जायचं, संध्याकाळच्या एसटीने यायचं, कचेरीत शुद्ध मराठी आणि घराच्या पायरीवर पाय पडला की मालवणी. निवृत्त झाल्यावर ते शुद्ध मराठी त्यांनी वाया घालवलं नाही, रागासाठी राखून ठेवलं. आत्याबाई 'मेल्या, खंय होतंस इतको वेळ?' म्हणाल्या की खुशाल समजावं, स्वारी लाडात आहे, आता पानात तळलेला बांगडा पडणार. पण त्या 'कृपया' म्हणाल्या की घरातलं मांजरसुद्धा उठून माडाखाली जाऊन बसतं. एकदा आमचे हे शेतातून चिखलाच्या पायांनी थेट ओटीवर चढले. आत्याबाई पेपरातून मान वर न करता म्हणाल्या, "कृपया आपण पुन्हा एकदा बाहेरून यावे." पन्नाशीचा, मिशीवाला माणूस मुकाट्याने उतरला, विहिरीवर जाऊन पाय धुऊन आला आणि वर 'येऊ का?' म्हणून विचारता झाला. मी दाराआडून बघत होते. माझ्या बोलण्याने हा माणूस अजूनही साधी टोपी जागेवर ठेवत नाही!

तर पेपर. आमच्या वाडीत तो मालवणच्या एसटीने येतो, म्हणजे येईल तेव्हा येतो. मे महिन्यात त्या वेळेला आमच्या ओटीवर वाडीतल्या बायका रातांबे फोडायला जमलेल्या असतात. बिया वेगळ्या, सालं वेगळी, सालांची आमसुलं. हात कोपरापर्यंत लाल झालेले. मधोमध खुर्चीवर आत्याबाई, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्या मोठ्याने वाचतात आणि बाकीच्या ऐकतात. पहिल्या वर्षी मी ऐकलं ते असं : "राखाडी सफारीत खुलून दिसणारे, दोन लेकरांचे बाप असलेले साहेब यांनी काल धरणाची पाहणी केली. पन्नाशीतही त्यांनी आपला बांधा टिकवून ठेवला आहे. घर आणि नोकरी ही तारेवरची कसरत ते हसतमुखाने करतात. त्यांच्या हातची सोलकढी एकदा प्यावीच, असे त्यांच्या पत्नी कौतुकाने सांगतात." बायकांच्या हातातले रातांबे गडगडत आंगणात गेले. मी भाबडी. म्हटलं, "अहो आत्या, असं छापलंय?"

"छापललां तसांच वाचतंय गो," त्या म्हणाल्या. "फकत बायलेच्या जाग्यार पुरुस घातलंय. तुका हसाक कित्याक येता, तां सांग."

मी हातातून पेपर घेऊन बघितला. बातमी एका बाईसाहेबांची होती. सफारीच्या जागी साडी, बापाच्या जागी आई, पत्नीच्या जागी पती, आणि बाकी शब्दन् शब्द तोच. मी तीच बातमी सकाळी चहाबरोबर वाचली असती आणि मला काहीसुद्धा खटकलं नसतं. त्या दिवसापासून मी या बाईची शिष्या झाले.

सगळ्याच बातम्या हसवतात असं नाही. एकदा कुठल्याशा शहरात एका मुलीवर हात टाकल्याची बातमी होती. आत्याबाईंनी ती वाचली ती एका सोन्याच्या साखळीवाल्या सावकाराची म्हणून. "सदर गृहस्थ तिन्हीसांजेला एकटेच का बाहेर पडले होते? अंगावर साखळी घालून त्यांनी चोराला मोहात का पाडले? त्यांचा स्वभाव मोकळाढाकळा होता आणि त्यांना मित्र पुष्कळ होते, अशी चर्चा परिसरात आहे." पहिल्या वाक्याला एक बाई हसली. मग कुणीच हसलं नाही. नुसते कोयत्या चालल्याचे आवाज. आत्याबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला आणि पान उलटलं.

वाचून गप्प बसणं त्यांच्या रक्तात नाही. त्या संपादकांना फोन लावतात. अर्थात शुद्ध मराठीत. "कालच्या अंकात माननीय पुढाऱ्यांनी उपोषण सोडल्याचे वृत्त आहे. परंतु त्यांनी त्या वेळी कोणत्या रंगाचा सदरा परिधान केला होता, याचा उल्लेख नाही. शेजारच्याच बातमीत महिला सभापतींच्या साडीचा रंग, काठ आणि पोत दिलेला आहे. वाचक म्हणून माझी फार गैरसोय झाली. कृपया खुलासा व्हावा." पलीकडचा माणूस काय बोलतो ते आम्हाला ऐकू येत नाही, पण फोन ठेवताना आत्याबाईंच्या तोंडावर जे समाधान असतं ते आम्ही चतुर्थीला मोदक छान उतरल्यावरच बघतो. मसुऱ्याला एका लग्नात एक मोठे पुढारी पंगतीत नेमके त्यांच्या समोर बसले. आत्याबाईंनी अत्यंत काळजीने विचारलं, "साहेब, इतके दौरे करता, मग मुलांचं कोण बघतं?" साहेब म्हणाले, "मिसेस बघतात की." "अरेरे!" आत्याबाई म्हणाल्या. "आणि घरच्यांनी परवानगी दिली तुम्हाला?" साहेबांचा घास हातातच राहिला. मी मान खाली घालून भाताशी खेळत बसले. हसले असते तर सासरची अब्रू गेली असती.

पण आत्याबाई काय चीज आहेत ते मला खरं कळलं प्राचीच्या वेळी.

प्राची आमच्या शेजारच्या बाबलदादाची मुलगी. बाबलदादा मासेमारी करतो. पोरगी पोहायला शिकली ती चालायच्या आधी, असं तिची आई सांगते. पर्यटकांना समुद्राच्या तळाशी नेऊन प्रवाळ दाखवतात, त्या कामावर ती होती, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी काम बंद व्हायच्या आत तिला प्रशिक्षक होण्याची परीक्षा द्यायची होती. अशात एक दिवस कुणी बिल्डर आपल्या मुलाला घेऊन, नको सांगितलेल्या जागी पाण्यात उतरला आणि दोघं आत खेचणाऱ्या पाण्याच्या ओढीला लागले. किनाऱ्यावर सगळे नुसते बोंबलत होते. प्राचीने उडी मारली आणि दोघांनाही जिवंत बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा : 'मच्छीमाराची देखणी लेक ठरली जलपरी.' बिल्डरचं नाव होतं, गाव होतं, धंदा होता. पोरीचं नावच नव्हतं! डोळे पाणीदार असल्याचं मात्र होतं. आणि तालुक्यातल्या एका मोबाईल-चॅनेलवाल्याने तर कहर केला. ती दमून भागून पाण्यातून बाहेर येतानाचा कुणीतरी काढलेला व्हिडिओ त्याने सावकाश चालवला, मागे सिनेमातलं गाणं लावलं आणि वर लिहिलं, 'कोण होणार जलपरीचा राजकुमार?' खाली लोकांनी जे लिहिलं ते मी इथे लिहिणार नाही. माझे हात विटाळतील.

बाबलदादा ते बघून वेड्यासारखा झाला. "माझ्या चेडवाचो तमाशो केल्यानी," लेकीबद्दल एवढं एकच वाक्य तो पुढचे काही दिवस बोलायचा. त्याने ठरवून टाकलं : परीक्षा नाही, दर्या नाही, पोरगी मामाकडे ठाण्याला जाईल आणि तिथेच स्थळ बघायचं. प्राचीची आई रडून सांगून गेली. प्राची रडलीही नाही. तिचा पाण्यातला काळा पोशाख दोरीवर वाळत होता, तो काढायलाही ती बाहेर आली नाही.

त्या दिवशी आत्याबाईंनी बातमी वाचलीच नाही. पेपर घडी घालून ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "कृपया फोन आणावा."

मी धावतच फोन आणला. त्यांनी त्या चॅनेलवाल्याला फोन करून सांगितलं की आमच्या आंगणात सदर मुलीचा सत्कार आहे, आपण अवश्य थेट प्रक्षेपण करावे. मग बाबलदादाला निरोप : "आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे." बिचारा तो 'प्रार्थनीय' ऐकूनच गार झाला. न येऊन सांगतो कुणाला!

संध्याकाळी उन्हं कलल्यावर आंगण भरलं. चॅनेलवाला आला, चांगला तिशी उलटलेला, घट्ट पँट, हातात मोबाईल लावलेली काठी. प्राची आईच्या मागे मान खाली घालून उभी. मला वाटलं आत्याबाई भाषण करणार. कसचं काय! त्यांनी तुळशीपुढे विड्याच्या पानावर नारळ ठेवला, पदर खोचला आणि खणखणीत आवाजात गाऱ्हाणं सुरू केलं.

आता ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. इथे देवाकडे मनातल्या मनात मागत नाहीत. एक जाणता माणूस देवाला मोठ्याने सगळं सांगतो आणि दर मागण्याला जमलेले सगळे एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणतात. लहानपणापासून जिभेला असं वळण पडलेलं असतं की मागणं डोक्यात शिरायच्या आधी होकार तोंडातून सुटतो. आणि एकदा सुटला की सुटला. देवापुढचा शब्द, तो इथला माणूस मोडत नाही. गाऱ्हाणं घालायचा मान मात्र पुरुषांचा. बाईने घातलेलं वाडीत कुणी ऐकलं नव्हतं. दोन म्हातारे खाकरले. आत्याबाई त्यांना म्हणाल्या, "देवळात तुमचो मान. आंगण माझां, तुळस माझी." म्हातारे बसले.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या तुझ्या लेकरान आपलो जीव धोक्यात घालून दुसऱ्याचे जीव वाचवल्यान. तिका बळ दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आवाज चढला. चॅनेलवाल्याने काठी उंच धरली.

"आनी तिचां काम सोडून जे तिच्या रूपाची बातमी करतत, त्येंका वाईच बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आनी हेच्यापुढे जो कोण पत्रकार बायलेच्या कापडाची बातमी लिवात, तेणी आधी आपल्या प्यांटीची बातमी लिवची रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आणि या वेळी सगळ्यात मोठा आवाज कुणाचा? त्या चॅनेलवाल्याचा! मालवणी रक्तच ते. स्वतःच्या हातातल्या मोबाईलवर, थेट प्रक्षेपणात, साऱ्या तालुक्यासमोर त्याने देवाला शब्द दिला. दिल्यावर त्याला कळलं. काठी हळूच खाली आली. आंगणात हशा उसळला, बाबलदादासुद्धा हसला, कितीतरी दिवसांनी. आत्याबाईंनी त्याला हसू दिलं, आणि तेवढ्यात त्याच ठेक्यात,

"आनी जो बापूस असल्या चेडवाक दर्यार जावक आडयता, त्येची मती फिरव, नि फाल्यां सकाळी त्येच्याच हातान तिका होडयेत बसव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

बाबलदादाचं तोंड उघडंच राहिलं. सगळ्यांबरोबर तोही 'व्हय' म्हणून बसला होता. सगळे त्याच्याकडे बघतायत, तो नारळाकडे बघतोय. मग त्याने दोन्ही हातांनी कपाळ धरलं आणि म्हणाला, "आते, तू माका फशिवलंस गो." आत्याबाई म्हणाल्या, "मी खंय? देवाक विचार." आणि प्राची, जी इतके दिवस रडली नव्हती, ती बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबलदादाने तिला होडीत बसवलं. स्वतःच्या हाताने. परीक्षाही झाली. चॅनेलवाल्याचं म्हणाल तर तो भलताच देवभोळा निघाला. पुढे तो पेपरातही लिहू लागला. एकदा सवयीने एका गायिकेच्या साडीचं वर्णन त्याच्या हातून लिहून झालं, आणि घाबरून त्याने बातमीच्या सुरुवातीला जोडलं, 'तपकिरी, गुडघ्यावर किंचित झिजलेली पँट घातलेल्या आमच्या प्रतिनिधीकडून.' आत्याबाईंनी ती बातमी जशीच्या तशी वाचली. उलटी करायची गरजच पडली नाही.

यंदा मात्र आत्याबाईंच्या डोळ्यांनी दगा दिला. डॉक्टर म्हणतात, पडद्याचा आजार, आहे तेवढं जपा. आता पेपर मी वाचते. माझं उलटं वाचन त्यांच्या मानाने अगदीच शिकाऊ. मध्येच अडखळते, बायका खुसखुसतात, त्या मान हलवत चुका दुरुस्त करतात. परवा बातमी आली, त्याच चॅनेलवाल्याने लिहिलेली. प्राचीने किनाऱ्यावर स्वतःचा प्रशिक्षणवर्ग सुरू केला आहे. तिचं पूर्ण नाव, तिने कुठे शिक्षण घेतलं, ओढीत सापडलेल्या माणसाला कसं बाहेर काढायचं ते ती कसं शिकवते, एवढंच. मी वाचून दाखवलं.

"आता उलटी करून वाच," आत्याबाई म्हणाल्या.

मी प्राचीच्या जागी प्रशांत घातला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. रातांबे फोडणं चालू होतं. कुणी हसलं नाही. हसण्यासारखं काही नव्हतंच त्यात. एका माणसाने एक काम चांगलं केलं, त्याची साधी बातमी.

आत्याबाई समोर बघत होत्या, जिथे त्यांना आता माडांच्या नुसत्या सावल्या दिसतात. मग हात पुढे करून त्यांनी पेपरावरून बोटं फिरवली.

"बरी आसा," त्या म्हणाल्या. "आता सुलटी वाच गो. तिच्या नावान."